पावलांचं अक्षर

पॅरिस, 1886. साल्पेत्रिएर रुग्णालयात जमिनीवर 7-8 मीटर लांबीचा पांढरा कागद अंथरला आहे. कागदाच्या एका टोकाला रुग्ण उभा आहे आणि त्याच्या तळपायांना लोहाची तांबडी भुकटी फासलेली आहे, आपल्याकडच्या गेरूसारखी. त्याला एवढंच सांगितलं जातं की नेहमीसारखं चालत पलीकडे जा. तो जातो, आणि मागे कागदावर त्याच्या चालण्याची नोंद उमटते.

हे वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो गृहप्रवेश. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात आलेल्या नव्या सुनेची उमटलेली पावलं. आपण ती शुभ म्हणून जपतो, कुणी फ्रेम करून भिंतीवरही लावतं. जॉर्ज जिल द ला तूरेत या तरुण डॉक्टरने तसलीच पावलं मोजपट्टी घेऊन वाचली. एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंतचं अंतर किती, दोन पायांमध्ये आडवं अंतर किती, पंजा बाहेर किती वळलेला. (टुरेट सिंड्रोम हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच.) निरोगी माणसांची पावलं आणि मज्जासंस्थेच्या रुग्णांची पावलं त्याने शेजारी शेजारी ठेवली. त्या रुग्णांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे रुग्णही होते.

पार्किन्सन्समध्ये पाऊल बारीक होतं. 'बारीक' हा शब्द इथे मुद्दाम वापरतो, कारण या आजारात अक्षरही बारीक होतं. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेलं अक्षर शेवटाकडे मुंगीएवढं होत जातं; बँकेतली सही जुळत नाही. हात आणि पाय या दोन वेगळ्या गोष्टी, पण बिघाड एकच. मेंदूच्या खोल भागात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाची काळसर पेशींची एक पट्टी असते. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. त्या पेशी मरत गेल्या की हालचालीचं माप चुकायला लागतं. माणूस पूर्ण पाऊल टाकायला निघतो, पडतं ते पाऊण. पुढे अर्धं. आणि त्याला स्वतःला वाटतं, आपण पूर्णच टाकलं.

याचं कारण असं की चालताना आपण मुळी चालत नसतो. आपण गप्पा मारत असतो, भाजीचा हिशेब करत असतो, समोरून येणारी रिक्षा थांबेल का याचा अंदाज घेत असतो. चालणं खालच्या खाली चालू असतं. मेंदूतली जी यंत्रणा हे काम मालकाला न विचारता उरकत असते, तिलाच पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी पडतं. म्हणून या आजाराची खूण चालण्यात इतकी स्पष्ट उमटते.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सनलाही ती रस्त्यातच दिसली. लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणारा हा डॉक्टर. 1817 मध्ये त्याने 'कंप पावणारा पक्षाघात' या अर्थाच्या शीर्षकाचा एक छोटा निबंध छापला. त्यात फक्त सहा रुग्णांची वर्णनं आहेत. त्यातले काही त्याला रस्त्याने जाताना भेटलेले. एकाला तर त्याने लांबूनच पाहिलं. तरी निबंधात चाल नेमकी आली आहे: पुढे वाकलेलं धड, आणि चालता चालता आपोआप पळण्यात बदलणारी पावलं, जणू माणूस स्वतःच्याच गुरुत्वमध्याचा पाठलाग करतो आहे. त्याच्याजवळ ना एक्स-रे होता, ना रक्ततपासणी. एक रस्ता होता आणि पाहणारे डोळे होते. आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं ते पुढे शार्को या मेंदूविकारतज्ज्ञाने, साल्पेत्रिएरमध्येच. म्हणजे तूरेतचा कागद जिथे अंथरला गेला तिथेच.

त्या कागदात मात्र एक मोठी उणीव होती. पाऊल कुठे पडलं हे त्यावर कळत होतं, केव्हा पडलं हे कळत नव्हतं. पंजा हवेत किती उचलला, हात झुलला की नाही, वळताना किती वेळ गेला, यातलं काहीच नाही. त्याच पॅरिसमध्ये त्याच दशकात एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने ती बाजू धरली. त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, काळ्या पडद्यासमोरून चालवलं, आणि हातापायांवर लांबीच्या दिशेने पांढऱ्या चकचकीत पट्ट्या लावल्या. कॅमेऱ्यात फटी असलेली चकती फिरत होती, त्यामुळे एकाच काचेवर एकामागोमाग एक क्षण उमटत गेले. काच धुतल्यावर त्यावर माणूस नव्हताच. नुसत्या पांढऱ्या रेषा, पंख्याच्या पात्यांसारख्या उघडत-मिटत गेलेल्या.

ते छायाचित्र मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. चेहरा, वय, कपडे, जात, पैसा, सगळं गळून गेलेलं आणि उरलेली फक्त चाल.

पुढे 1898 मध्ये बुखारेस्टमध्ये गेओर्गे मारिनेस्कू या मेंदूविकारतज्ज्ञाने अर्धांगवायूच्या रुग्णांच्या चालीचं सिनेमाच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली 1896 च्या जुलैत. म्हणजे लोकांना पडद्यावरची हलती चित्रं अजून नवी होती तेव्हा एक डॉक्टर त्याच यंत्रातून लंगडं पाऊल फ्रेममागून फ्रेम वाचायला बसला होता.

आणि 1973 मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने या सगळ्यावर कळस चढवला. त्याने सांध्यांवर छोटे दिवे लावून माणसाला अंधारात चालवलं. चित्र थांबवलं की दिसतात दहा-बारा विखुरलेले ठिपके, आकाशातल्या कुठल्याही तारकांसारखे. चित्र सुरू केलं की पाहणारा तत्क्षणी म्हणतो, अरे, माणूस चालतोय! सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की अशा ठिपक्यांवरून लोक आपल्या मित्रांना ओळखू शकतात. जिन्यावरच्या पावलांवरून 'बाबा आले' हे आपण ओळखतोच. इथे डोळ्यांनी तेच केलं.

माणसाची नजर इतकी तीक्ष्ण असेल तर मग मोजायचं कशाला? कारण नजरेला दिसतं, पण तिला ते साठवता येत नाही.

आज जगभर पार्किन्सन्सची तीव्रता एमडीएस-यूपीडीआरएस नावाच्या मापनश्रेणीने ठरवतात. त्यातला चालण्याचा भाग असा: रुग्णाने निदान 10 मीटर चालत जायचं, वळायचं, परत यायचं. तज्ज्ञ पाहतो आणि 0 ते 4 मधला एक आकडा लिहितो. चाल ठीक असेल तर 0. एकट्याने चालतो पण किरकोळ दोष आहे, तर 1; दोष ठळक आहे, तर 2. काठी किंवा वॉकर लागला की 3. चालताच येत नाही किंवा कुणी धरावंच लागतं, तर 4. अनुभवी डॉक्टरला त्या अर्ध्या मिनिटात किती गोष्टी दिसतात: डावा हात कमी झुलतो, टाच आधी टेकत नाही, वळताना मान, खांदे आणि कंबर एकसंध फिरतात, एका वळणाला सहा पावलं लागतात. आणि एवढं सगळं पाहून शेवटी कागदावर काय उतरतं? '2'. सहा महिन्यांनी पुन्हा '2'. मधल्या काळात पाऊल चार सेंटिमीटरने आखडलं असेल, पण '2' च्या पोटात ते निमूट मावून जातं. शिवाय तीच चाल पाहून एक तज्ज्ञ 1 देतो, दुसरा 2, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

मोजायची साधनं नव्हती असं नाही. चाल-प्रयोगशाळा कधीच्या आहेत. अंगावर चकाकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या आणि भोवतीच्या अनेक अवरक्त कॅमेऱ्यांनी त्यांचा माग घ्यायचा. मापन अचूक, पण त्याला खोली लागते, तंत्रज्ञ लागतात, पैसा लागतो, आणि गोळ्या चिकटवेपर्यंत रुग्ण दमतो. मारेच्या पांढऱ्या पट्ट्यांचाच हा श्रीमंत वंश.

गेल्या दहा वर्षांत जे घडलं त्याचं मला अजूनही नवल वाटतं. पट्ट्या, दिवे, गोळ्या काहीच न लावता, साध्या फोनच्या व्हिडिओतून संगणक सांधे शोधायला लागला. यासाठी आधी माणसांनी कष्ट केले. 'कोको' या चित्रसंग्रहात अडीच लाखांहून अधिक माणसांच्या आकृत्यांवर नाक, खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा असे ठिपके हाताने ठेवलेले आहेत. ते पाहून पाहून संगणकाचं जाळं शिकलं. नवं चित्र समोर आलं की ते प्रत्येक सांध्यासाठी एक नकाशा रंगवतं: इथे गुडघा असण्याची शक्यता किती, तिथे किती. जिथे रंग सर्वांत तेजाळ, तिथे गुडघा. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून 'ओपनपोझ' आलं, 2020 च्या सुमारास गूगलचं 'मीडियापाइप' आलं जे फोनवरच चालतं.

इथे एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट. कोकोच्या 17 ठिपक्यांत पाय घोट्यापाशी संपतो. फोटोत माणूस बसलाय की उभा हे कळायला तेवढं पुरे. पण पार्किन्सन्सची अर्धी गोष्ट तर घोट्याच्या खाली आहे: टाच टेकते की सगळा तळवा एकदम पडतो, अंगठा जमिनीला घासतो का. म्हणून ओपनपोझच्या 25 ठिपक्यांच्या आवृत्तीत दोन्ही पायांची टाच, अंगठा आणि करंगळी आली, आणि मीडियापाइपच्या 33 ठिपक्यांतही टाच आहे. आपल्या कामाचं बरंच काही त्या टाचेत आहे.

ठिपके मिळाले, आता त्यांतून पावलं कशी काढायची? बाजूने पाहिलं तर घोट्याचा ठिपका कमरेच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे. कमरेपासूनचं हे अंतर आलेखावर मांडलं की लाट उमटते. लाटेचा प्रत्येक माथा म्हणजे पाय जास्तीत जास्त पुढे गेला तो क्षण, साधारणपणे टाच टेकण्याचा. दोन माथ्यांमधलं अंतर म्हणजे वेळ. दोन्ही पायांच्या लाटा एकावर एक ठेवल्या की एक पाय दुसऱ्याच्या मागे किती रेंगाळतो ते दिसतं. निरोगी माणसाची लाट तबल्यावरच्या ठेक्यासारखी नियमित. पार्किन्सन्समध्ये लाटेची उंची घटते, आणि त्याहून बोलकं म्हणजे मात्रा हलायला लागतात.

ही गोष्ट खरंच भरवशाची आहे का, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स आणि केनेडी क्रीगर संस्थेच्या गटाने 2021 मध्ये निरोगी माणसांवर तपासलं. तीच चाल एकीकडे प्रयोगशाळेतल्या चकाकत्या गोळ्यांनी मोजली, दुसरीकडे साध्या व्हिडिओवर ओपनपोझ चालवून. वेळेच्या मोजमापांत सरासरी फरक आला 0.02 सेकंदाच्या आसपास, पावलाच्या लांबीत सुमारे 5 सेंटिमीटर. एका एका पावलाला 5 सेंटिमीटर म्हणजे थोडं नाही. पण अनेक पावलांची सरासरी घेतली की चूक बरीच खाली येते, कारण चुका कधी या बाजूच्या असतात, कधी त्या.

ठेक्याचं गणित मात्र जास्त कठीण आहे आणि मला ते सगळ्यांत सुंदर वाटतं. उजवी टाच टेकल्यापासून पुन्हा उजवी टाच टेकेपर्यंत साधारण 1.1 सेकंद लागतो. निरोगी माणसात हा वेळ पावलागणिक फार तर 2 टक्क्यांच्या आसपास हलतो, म्हणजे सुमारे 22 मिलिसेकंद. पार्किन्सन्समध्ये ही हलण्याची मर्यादा वाढते आणि ती वाढली की पडण्याचा धोकाही वाढतो. जेफ्री हाउसडॉर्फ या संशोधकाने 1990 च्या दशकापासून या अनियमिततेचा पाठपुरावा केला. आता फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रं घेतो. दोन चित्रांमध्ये 33 मिलिसेकंद. म्हणजे आपल्याला जे पकडायचंय ते दोन चित्रांच्या फटीत राहतं! मग दोन वाटा. फोनचा संथगती कॅमेरा वापरून सेकंदाला 120 किंवा 240 चित्रं घ्यायची. किंवा ठिपक्यांमधून एक गुळगुळीत वक्ररेषा काढायची आणि तिचा माथा दोन चित्रांच्या मध्ये नेमका कुठे पडतो ते गणिताने शोधायचं. तरी 10 मीटरच्या फेरीत अशी आवर्तनं जेमतेम सात-आठ मिळतात. ठेक्याची अनियमितता ठरवायला ती अपुरी आहेत. त्यामुळे लांब मार्गिका हवी, किंवा अनेक दिवसांच्या अनेक फेऱ्या.

2020 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने व्हिडिओवरून थेट 0 ते 4 मधला गुण सांगणारी प्रणाली मांडली, आणि पुढच्या वर्षी तज्ज्ञांमधल्या मतभेदालाही त्या हिशेबात घेतलं. कामाची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी मेंदूविकारतज्ज्ञ नसतो तिथे तिचा उपयोग होईल. पण मला ती अर्धी वाट वाटते. सुताराकडे मिलिमीटरची पट्टी आली आणि तिच्याने मोजून त्याने उत्तर वितीत सांगितलं, तसं ते आहे. पाऊल जानेवारीत 52 सेंटिमीटर होतं, जूनमध्ये 48 झालं, असं सांगता येत असेल तर '2' कशाला सांगायचं?

आता या आजारातल्या सर्वांत विचित्र गोष्टीकडे येतो. माणूस चालत असतो आणि दाराच्या चौकटीपाशी येऊन थिजतो. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मन पुढे गेलेलं, पाय मागे. काही सेकंदांनी सुटतो. घरचे लोक सरळ 'फ्रीज झाले' म्हणतात. वळताना, अरुंद जागेत, चालायला सुरुवात करताना हे जास्त होतं. आणि डॉक्टरांसमोर बहुतेक वेळा होतच नाही! तिथे माणूस सावध असतो, लक्ष देऊन पाऊल टाकतो, आणि लक्ष दिलं की दुसरी वाट उघडते. घरी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर रोज अडणारा माणूस दवाखान्याच्या मार्गिकेत झपझप चालून दाखवतो, आणि बरोबर आलेल्या बायकोला खोटं पडल्यासारखं वाटतं.

ही दुसरी वाट पुण्याच्या एका मुलीने फार साध्या रीतीने दाखवून दिली. मिलेहा सोनेजी डिझाइन शिकत होती. तिच्या काकांना पार्किन्सन्स. सपाट जमिनीवर त्यांना चालता येईना, पण जिना मात्र ते न अडखळता चढत-उतरत. तिने काय केलं, तर जिन्याचा आभास होईल असं चित्र जमिनीवर अंथरलं. काका त्यावरून चालत गेले. 2015 मध्ये तिने हे एका टेड व्याख्यानात दाखवलं. जमिनीवरच्या आडव्या रेषा पार्किन्सन्सच्या रुग्णाला चालतं करतात हे डॉक्टरांना 1960 च्या दशकापासून माहीत होतं. पण काकांकडे बघत बसणारी पुतणी तिथे स्वतःच्या पायांनी पोचली. पायरी दिसली की पाऊल सवयीच्या हवाली राहत नाही, डोळ्यांच्या हवाली होतं.

थिजणं मोजायची आजची मान्य पद्धत म्हणजे तज्ज्ञांनी व्हिडिओ पुढे-मागे करत प्रत्येक थिजण्याची सुरुवात आणि शेवट नोंदवायचा, आणि एकूण वेळापैकी किती टक्के वेळ माणूस थिजला ते काढायचं. काही मिनिटांच्या चित्रणाला तास जातात. यंत्राला इथे हात देता येतो, आणि गंमत म्हणजे इथे 30 चित्रं पुरतात. थिजलेला पाय पुष्कळदा अगदी स्तब्ध नसतो, तो जागच्या जागी सेकंदाला 3 ते 8 वेळा थरथरतो. चालण्याची लय त्याच्या खाली, 3 च्या आत. घोट्याच्या ठिपक्याची लाट सुटी करून पाहिली की खालची लय विझताना आणि वरची थरथर पेटताना दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं माणूस थांबला. लाट सांगते, तो थांबलेला नाही. तो जीव तोडून निघायचा प्रयत्न करतो आहे.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला वाटतं, घरच्या कॅमेऱ्याचा पहिला खरा उपयोग या शुभंकरांना होईल. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर काही वेळाने शरीर मोकळं होतं, परिणाम उतरला की पुन्हा जखडतं, दिवसातून अनेकदा. 'सकाळी बरे असतात, चारनंतर बिघडतात' एवढंच आजवर सांगता येत होतं. स्टुलावर कमरेच्या उंचीला फोन स्थिर ठेवून, बाजूने, गोळीच्या आधी आणि नंतर एक एक फेरी टिपली तर 'चारनंतर'ला आकडा मिळतो, आणि डॉक्टरांना गोळीची वेळ हलवायला आधार मिळतो.

अडचणी आहेत, आणि त्या घराघराप्रमाणे वेगळ्या आहेत. पायघोळ साडीत गुडघा दिसत नाही. यंत्र मग तो अंदाजाने ठेवतं आणि अंदाज असल्याचं सांगत नाही. लुंगीचंही तेच. बाजूने चालताना जवळचा पाय लांबच्या पायाला झाकतो आणि क्षणभर डावा-उजवा यांची अदलाबदल होते. कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आलेला माणूस चित्रात मोठा मोठा होत जातो, त्यामुळे सेंटिमीटर काढायला ओळखीचं एखादं माप चौकटीत लागतं, 30 सेंटिमीटरची फरशीसुद्धा चालेल. आणि आपल्या घरांत 10 मीटरची मोकळी सरळ जागा असते कुठे? बहुतेकांना गच्ची नाहीतर सोसायटीची पार्किंगची जागाच गाठावी लागेल. चेहऱ्याचा प्रश्न त्या मानाने सोपा: ठिपके काढून घेतले की मूळ व्हिडिओ पुसता येतो. दवाखान्याकडे जाते ती मारेच्या काचेसारखी नुसती चाल.

अंगावर काही लावावं लागत नाही, याचा आणखी एक अर्थ होतो आणि तो कळला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. जो व्हिडिओ आधीच काढलेला आहे, त्यावरही ठिपके ठेवता येतात. समजा, घरात पंधरा वर्षांपूर्वीच्या मुंजीची सीडी आहे. कॅमेरा हलतो, माणसं मध्ये येतात, पावलांची सेंटिमीटरमधली लांबी काही निघणार नाही. पण मनगट कमरेच्या पुढे-मागे किती झुललं एवढं पाहायला तो हलता कॅमेराही चालतो, आणि हाताचं झुलणं कमी होणं, तेही एकाच बाजूचं, ही या आजाराच्या फार लवकर दिसणाऱ्या खुणांपैकी एक. कार्यालयाच्या दाराशी पाहुणे आलेत. आजोबा, तेव्हा साठीतले, ठणठणीत, मोकळ्या हातांनी त्यांना घ्यायला निघाले आहेत. उजव्या मनगटाचा ठिपका पुढे-मागे झुलतो. डाव्या मनगटाचा कमरेपाशीच, जवळजवळ स्थिर. मागे सनई वाजते आहे आणि हॉलमधल्या कुणाचंच तिकडे लक्ष नाही.